हुरड्याची बिअर

पोह्यांतले शेंगदाणे खवट होते. पहिल्याच घासाला कळलं. मी बशी बाजूला सारली आणि नुसता चहा घेतला.

"का गं टिपणीस, खात नाहीस?" रेगे सरांनी विचारलं.

"दाणे खवट आहेत, सर."

"असं?" म्हणाले, आणि आपल्या बशीतले पोहे त्यांनी चमच्यानं जरा चाळवले. मग खाऊ लागले. "भूक लागली की सगळं गोड लागतं बघ." त्यांनी आपली बशी संपवली आणि माझी ओढून घेतली. तीही संपवली. शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यानं तेवढ्यात हॉटेलवाल्याला हाक मारून तेच पोहे परत दिले होते.

मेहकरच्या अलीकडचं हॉटेल होतं ते. जानेवारीचा शेवटचा आठवडा, सकाळचे नऊ. आदल्या दिवशी आम्ही पुण्याहून निघून औरंगाबादला मुक्काम केला होता आणि उजाडायच्या आत पुन्हा रस्त्याला लागलो होतो. गाडी मीच चालवत होते. नागपूर अजून तीनशे किलोमीटर होतं, माझी कंबर धरली होती, आणि मला खरं सांगायचं तर पुढे जायची अजिबात इच्छा नव्हती.

बिअरच्या जत्रांना जायचं आमचं ते अकरावं वर्ष. मी त्यांना जत्राच म्हणायचे, सर रागवायचे, "फेस्टिव्हल म्हण, फेस्टिव्हल." बंगळूर, गोवा, गुडगाव, एकदा शिलाँग. जिथे बोलावतील तिथे आम्ही दोघं. मी पुण्यात बाणेरला एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवत असे. कारखान्याची बाटली बारा महिने एका चवीची असते. आमच्यासारख्या छोट्या जागांचं तसं नसतं. आमची बिअर ऋतूबरोबर बदलते. उन्हाळ्यात कैरीची, पावसाळ्यात भाजक्या मक्याची काळीभोर, आणि थंडीत हुरड्याची. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, दाणे हातावर चोळून काढायचे आणि जवाच्या माल्टबरोबर शिजवायचे. हुरड्याची बिअर ही माझी कल्पना. ती लोकांना आवडली आणि माझं थोडंफार नाव झालं ते तिच्यामुळेच.

पण मला शिकवलं रेगे सरांनी. मधुसूदन रेगे. औरंगाबादच्या एका मोठ्या बिअर कारखान्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन पुण्याला सहकारनगरात आले, बायको गेली, आणि घरात बसवेना म्हणून आमच्या ब्रुअरीत सल्लागार म्हणून येऊ लागले. मी तोवर दुधाच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केलेली बाई. बिअरचा वास कसा घ्यायचा, ग्लास किती भरायचा, पहिला वास कोणता खरा मानायचा, हे सगळं त्यांनी शिकवलं. त्यांच्या नाकाबद्दल या धंद्यात गोष्टी सांगत. म्हणे कारखान्याच्या फाटकातून आत येताना ते सांगायचे की आज चार नंबरच्या टाकीची नळी नीट धुतलेली नाही. मी स्वतः पाहिलं होतं, एकदा गोव्यात त्यांनी डोळे मिटून सात ग्लासांतले तीन बाजूला काढले आणि म्हणाले, "या तिघांचं पाणी एका विहिरीचं आहे." निघालंही तसंच.

अशा माणसाबरोबर अकरा वर्षं फिरताना सुरुवातीला मजा आली. मग हळूहळू सगळं एकसारखं होत गेलं. मनगटावर कागदी पट्टी, कानठळ्या बसवणारी तीच गाणी, तीच दाढीवाली तरुण मुलं, तेच प्रश्न. हॉटेलच्या खोल्या. तासन्‌तास उभं राहून सुजलेले पाय. सरांना मात्र प्रत्येक वेळी नवा उत्साह. महिनाभर आधी विचारायचे, "टिपणीस, तिकिटं काढलीस का? की गाडीनं जायचं?" आणि मी नाही म्हणू शकत नसे.

त्या वर्षी नागपूरच्या फेस्टिव्हलमध्ये सर परीक्षकांचे प्रमुख होते. दुपारी चारला चाचणी, वीस ब्रुअरींच्या बिअर, कोणती कुणाची हे न सांगता समोर ठेवायच्या. माझा हुरडा त्यात होताच. कुणाच्या नावाची चिठ्ठी कुठे हे परीक्षकाला कळत नसल्यामुळे, आणि सरांच्या शब्दाबद्दल कुणाला शंका नसल्यामुळे, कुणी हरकत घेतली नव्हती.

निघायच्या दहा दिवस आधी आम्ही टाकीतून पहिला ग्लास काढला होता. तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. दुपारची वेळ, मी टाकीच्या तोटीला ग्लास लावला. फेस पांढराशुभ्र, रंग पिकल्या ज्वारीसारखा. मी ग्लास सरांच्या पुढे केला.

"तू घे आधी," ते म्हणाले. "बिअर तुझी आहे."

मी घोट घेतला. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी ग्लास घेतला, नाकाशी नेला, बराच वेळ धरला, एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"तू सांग."

"छे, तुम्ही सांगा, सर."

त्यांनी ग्लास उजेडाकडे धरला. म्हणाले, "हुरड्याचा धूर छान उतरलाय."

"म्हणजे टाकी गार करायला घेऊ? परवा पिंपं भरायची आहेत."

"घे," सर म्हणाले.

मी त्या दिवशी टाकी गार केली, तिसऱ्या दिवशी पिंपं भरली आणि ठरल्या तारखेला गार टेंपोतून नागपूरला पाठवून दिली. आमच्याही आधी पिंपं तिथे पोहोचली होती.

नागपूरला आम्ही दुपारी पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी बाराला फेस्टिव्हल उघडला. मैदानावर पांढरे मंडप, ऊन कोवळं, हवा कोरडी. दोन दिवसांच्या प्रवासानं माझं अंग आंबून गेलं होतं. आमच्या मंडपात तोटी मीच धरली. सर माझ्या मागे खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करत होते. त्यांना ओळखणारे खूप. कुणी पाया पडत, कुणी फोटो काढून घेत.

पहिला ग्लास मी एका पोट सुटलेल्या, हसऱ्या गृहस्थांना दिला. त्यांनी घोट घेतला, ग्लासात पाहिलं, परत घोट घेतला.

"मॅडम, याच्यात लोणी टाकलं का हो?"

"लोणी?"

"म्हंजे खराब नाही. पण ताकावानी लागून राहिलं. बघा ना तुम्ही."

मी हसून दुसरा ग्लास भरला आणि नाकाशी नेला.

लोणी. नुसता लोण्याचा वास. सिनेमाच्या थेटरात पॉपकॉर्नच्या यंत्राजवळ येतो तसा, गोडसर, तेलकट. हुरड्याचा धूर त्याच्याखाली कुठेतरी दडपला होता. बिअर बनवणाऱ्याला या वासाचा अर्थ लगेच कळतो. आंबवणाऱ्या यीस्टला शेवटचे दोन दिवस उबेत राहू दिलं नाही, घाईनं टाकी गार केली, की हा वास मागे राहतो. शिकाऊ माणसाची चूक. आणि टाकीतून काढलेल्या पहिल्या ग्लासातच ती सापडायला हवी.

मी दुसरं पिंप जोडलं. त्यातही तेच. तिसऱ्यातही.

मग मी एक ग्लास भरून सरांच्या हातात दिला.

"वास घ्या, सर."

त्यांनी ग्लास नाकाशी धरला. डोळे मिटले नाहीत. ग्लासाच्या काठावरून ते माझ्याकडे बघत होते. मी चेहरा कोराच ठेवला.

"काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगा."

सरांनी एक घोट घेतला. म्हणाले, "हुरड्याचा धूर छान उतरलाय."

मेहकरचे पोहे मला तेव्हा आठवले. आणि मागचंही बरंच काही आठवलं. गोव्यात मागल्या वर्षी ते माझ्या आधी एकही शब्द बोलले नव्हते. बंगळूरला हॉटेलच्या खोलीत वायर जळाल्याचा उग्र वास भरला होता आणि हे शांतपणे पेपर वाचत बसले होते. त्यांना वास येत नव्हता. कधीपासून ते ठाऊक नाही, पण येत नव्हता.

मी तोटी बंद केली, आणि "हुरडा संपला" असा कागद लावून टाकला. सरांनी विचारलं, "एवढ्यात संपली?" मी म्हटलं, "पिंपांचा काहीतरी घोळ आहे. बघून येते."

आयोजकांचं नाव संजीव चिंचमलातपुरे. पन्नाशीचे, धावपळे, मनानं चांगले. मी त्यांच्या मंडपात गेले तेव्हा ते फोनवर कुणाला तरी बर्फाबद्दल झापत होते. मला बघून फोन ठेवला.

"मॅडम, हुरडा बंद काऊन केला? लोक विचारून राहिले ना."

"बिअर बिघडली आहे. चाचणीतूनही काढून टाका."

"अरे बाप्पा! बिघडली कशी? रेगे सरांनी पास केली होती ना?"

इथे मला उत्तर द्यायचं होतं. उन्हातून आले होते, पाय दुखत होते, चार जणांसमोर त्या गृहस्थांनी लोणी म्हटलेलं अजून कानात होतं. मी म्हणाले, "सरांना वास येत नाही."

"म्हंजे?"

"त्यांचं नाक गेलंय, चिंचमलातपुरे. त्यांना काही कळत नाही. त्यांनी हो म्हटलं म्हणून मी पिंपं भरली."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग उगाच आपल्या कानाची पाळी ओढत म्हणाले, "आणि चारला चाचणी आहे. वीस लोकांची वर्षभराची मेहनत. मंग आता करायचं काय?"

"ते तुम्ही ठरवा."

"त्यांना मी कसं सांगू, मॅडम? एवढा मोठा माणूस." ते दोन पावलं इकडे गेले, दोन तिकडे. "बरं. बघतो मी. सन्मानानं करतो. पण मंग त्यांच्या जागी कोण? तुमची बिअर तर आता चाचणीत नाही. तुम्हीच बसा ना."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "ठीक आहे."

पावणेचारला स्टेजवरून आवाज आला. गाणी बंद झाली. चिंचमलातपुरे माइकवर बोलले, की या क्षेत्रातले भीष्म वगैरे, आज आपल्यात आहेत हे नागपूरचं भाग्य, आणि त्यांच्या कारकिर्दीबद्दल कृतज्ञता म्हणून शाल, श्रीफळ. कुणीतरी धावत जाऊन शाल आणली असावी. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली होती आणि ती सरांच्या पाठीवर लोंबत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"आणि आजच्या दिवशी सरांना आपण कामाला लावणार नाही," चिंचमलातपुरे म्हणाले. "सर आपले सन्माननीय पाहुणे. चाचणीचं काम त्यांच्या शिष्या वृषालीताई टिपणीस बघतील."

सर तेव्हा हसत होते. हसू तसंच राहिलं, पण त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि गर्दीत मला शोधलं. मी दिसताच मान हलवली, जा म्हणून.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. समोर आकडे लावलेले ग्लास. सर स्टेजसमोरच्या सोफ्यावर, शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते. मला ते पूर्ण वेळ दिसत होते. दीड तास चाचणी चालली. त्या दीड तासात त्यांच्याकडे कुणी ग्लास घेऊन गेलं नाही. कुणाला ते बरं दिसलं नसावं. मध्येच एक बाई पाणी देऊन गेली. ते त्यांनी प्यायलं आणि ग्लास कुठे ठेवायचा ते न कळून हातातच धरून बसले.

मी काम नीट केलं. संत्र्याच्या सालीची एक बिअर होती, वर्ध्याच्या दोन भावांची, तिला पहिलं बक्षीस दिलं. त्या भावांपैकी धाकटा स्टेजवर रडला. योग्यच निवड होती. आजही मी तीच करीन.

परतीच्या वाटेवर वर्धा मागे पडेपर्यंत सर काही बोलले नाहीत. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली शेतं. शाल त्यांनी घडी करून मागच्या सीटवर ठेवली होती. मग एकदम म्हणाले, "तू सांगितलंस का त्याला?"

"हो."

"मला वाटलंच. तो चिंचमलातपुरे बोलताना कान ओढत होता." ते खिडकीबाहेर बघत होते. "बरं केलंस."

मी गिअर बदलला.

"दोन वर्षं झाली," सर म्हणाले. "न्हाणीघरात पडलो होतो ना, डोक्याला टाके पडले होते, तू भेटायला आली होतीस. टाके निघाले. घरी आलो तर काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. चार दिवस कळेचना काय ते. मग लक्षात आलं, घराला वासच नाही. डॉक्टर म्हणाला, मार लागला की आतली नस तुटते, येईल परत, वाट बघा. बघितली."

"मला सांगायचं तरी."

"सांगून? मग मला बोलावलं कोणी असतं?" ते हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "माणसाला कुठेतरी जायचं असतं, टिपणीस. घरात सकाळी उठून मी चहा करतो, तोही गरम पाण्यासारखा लागतो. तिथे निदान गाडीत बसायचं, चार गावं बघायची, लोक सर म्हणतात. आणि जमत होतं मला. गोड, कडू, आंबट जीभ सांगते. फेस डोळ्यांना दिसतो. बाकी मी लोकांचे चेहरे वाचायचो. वाईट वास आला की माणसाची नाकपुडी हलते, अगदी थोडी. परीक्षकांच्या टेबलावर मी सगळ्यांत शेवटी बोलायचो. लोकांना वाटायचं, मोठा माणूस आहे, विचार करून बोलतो."

"आणि हुरडा?"

"ती जिभेला जरा बुळबुळीत लागली होती. शंका आली मला. लोणी असलं की तशी लागते. पण मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं. अगदी शांत होता. म्हटलं, हिला काही लागलं नाही म्हणजे माझाच भास. तुझं नाक मी घडवलंय, त्याच्यावर शंका कशी घेऊ?" मग थोड्या वेळानं, "तरी मी चुकलो. पाचशे लिटर बिअर वाया गेली माझ्यामुळे. मालकाला मी सांगेन तसं."

मी गाडी चालवत राहिले. पुढे एक ऊसगाडी होती, तिला ओलांडायला जागा मिळत नव्हती. मी ती जागा शोधत राहिले. मला बोलायला एक मिनिट पुरलं असतं. मेहकर आलं, जालना आलं, औरंगाबाद आलं, मी बोलले नाही. पुण्यात त्यांना घरापाशी सोडलं तेव्हा म्हणाले, "पुढल्या वेळी शेवटचे दोन दिवस टाकी उबेत ठेव. घाई करू नकोस." आणि जिना चढून गेले.

त्यांनी खरंच मालकांना फोन करून सांगितलं, "चूक माझी." मालक मला एका शब्दानंही बोलले नाहीत. सर ब्रुअरीत यायचे थांबले. जत्रांनाही आले नाहीत. सुरुवातीला लोक मला विचारायचे, मग विचारेनासे झाले. बोलावणी मला येऊ लागली. परीक्षक म्हणून, पाहुणी म्हणून. मी जात राहिले. कंटाळा आला तरी जात राहिले, कारण आता माझं नाव होतं, आणि ते नाव कशावर उभं आहे ते एकट्या मला ठाऊक होतं. मी फोन करायचे त्यांना, दसऱ्याला, पाडव्याला. तब्येत विचारायची, ठेवून द्यायचा.

चार वर्षांनी साताऱ्याची एक मुलगी माझ्याकडे आली. नवी ब्रुअरी काढत होती, नाचणीची बिअर करायची म्हणत होती. तिनं छोट्या बाटलीत नमुना आणला होता.

"रेगे सरांनी पाठवलं मला," ती म्हणाली. "ते म्हणाले, टिपणीसबाईंकडे जा. त्या बाईला फसवता येत नाही. तिचं नाक हो म्हणालं की डोळे मिटून पुढे जा."

मी तिची बिअर चाखली, सांगायचं ते सांगितलं, आणि ती गेल्यावर तशीच उठून सहकारनगरला गेले.

सर खूप वाळले होते. पण मला बघून आनंद झाला त्यांना. गॅलरीत खुर्च्या टाकल्या. साताऱ्याच्या मुलीची चौकशी केली. नाचणी किती टक्के घालते आहे, यीस्ट कोणतं. मी उत्तरं दिली आणि मग म्हटलं, "सर, मला तुम्हाला एक सांगायचंय. नागपूरच्या वेळचं."

"ते सोड. तू सांगितलंस म्हणून मी सुटलो. माझ्यानं ते झालं नसतं. मेलो असतो तरी त्या खुर्चीतून उठलो नसतो."

"ते नाही," मी म्हणाले. "टाकीतून पहिला ग्लास काढला त्या दिवशीचं. मला सर्दी झाली होती."

ते माझ्याकडे बघू लागले.

"आठवडाभर होती. नाक पूर्ण चोंदलेलं. मला त्या बिअरचा काही वास आला नव्हता, सर. धूर नाही, लोणी नाही. पाणी प्यावं तशी प्यायले मी ती. पण सांगितलं असतं तर टाकीतून ग्लास काढणं चार दिवस पुढे गेलं असतं, टेंपो रद्द, तारखा चुकल्या असत्या, सगळं नव्यानं करावं लागलं असतं. आणि मी दमले होते. इतकी दमले होते की ती बिअर एकदाची डोक्यावरून उतरली तर बरं, एवढंच वाटत होतं. म्हटलं, सर आहेत ना. सर घेतील वास. तुमच्या आधी मी घोट घेतला आणि चेहरा शांत ठेवला, कारण तुम्हाला सर्दी कळू नये. नागपूरला जाईपर्यंत नाक उघडलं. तेव्हा मला राग आला तो... मी तुमचं नाव पुढे केलं. गाडीत तुम्ही चूक अंगावर घेतलीत, तेव्हाही गप्प बसले."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी उभी होती. तो गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. सर बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मला वाटलं आता ते मला जायला सांगतील. मी पर्स मांडीवर घेतली.

"म्हणजे मी तुझा चेहरा बघून हो म्हणालो," ते सावकाश, एकेक शब्द तपासत म्हणाले. "आणि तू माझं नाक बघून."

"हो."

"मग त्या बिअरला हो म्हणालं तरी कोण?"

"कुणीच नाही, सर."

त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. मग पाहिलं तर हसत होते. आवाज न करता, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मला हसता आलं नाही. त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि मग हसू हळूहळू ओसरलं. चेहरा पुन्हा थकलेला दिसू लागला, होता त्याहून थकलेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार वर्षं मला वाटत होतं की मी तुझी बिअर घालवली."

मी पर्सचा पट्टा खांद्याला लावला.

"जा," सर म्हणाले. मी उठले. दाराकडे वळले, तशी त्यांनी पाठीमागून हाक मारली.

"तिकडे कुठे? स्वयंपाकघर इकडे आहे. चहा टाक दोघांना. आणि तिथेच उभी राहा. दूध करपलं तरी मला वास येत नाही."